शिराळ्याचा नाग आणि कोर्ट

सिनेमातल्या कोर्टात रूढी आणि कायदा भिडले की शेवटी कोण खरं ते कळतं. आमच्या बत्तीस शिराळ्याच्या खटल्यात मात्र मला दोन्ही बाजू पटतात.

शिराळा पूर्वी सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं सांगली झालं. जिल्हा बदलला, नागपंचमी तीच राहिली. जिवंत नाग पूजायची रीत गोरक्षनाथांनी घालून दिली, अशी श्रद्धा. नाग पकडायचा, मडक्यात ठेवायचा, पूजायचा, मिरवायचा आणि परत सोडून द्यायचा. मारायचा नाही, हा गावाचा कायदाच म्हणा ना!

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने मात्र नाग पकडणंच गुन्हा. मुंबई हायकोर्टाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची मिरवणूक थांबली. २०२५ मध्ये केंद्राने २१ नाग पकडायला परवानगी दिली, तीही फक्त शैक्षणिक कारणासाठी.

मडक्यात कोंडलेल्या नागाला वकील नव्हता, तो कायद्याने दिला. हे बरंच झालं. पण बांधावर नाग दिसला तरी काठी न उगारणारा शेतकरी रूढीनेच घडवलाय. मिरवणूक गेली तर जाऊ दे मंडळी, तो आवरलेला हात तेवढा राहिला पाहिजे.