पीएच.डी.च्या जागा : विज्ञान व संगणन (चिपळूण परिसर)

चिपळूणचे दातार-बेहरे-जोशी महाविद्यालय मुंबई विद्यापीठाला संलग्न आहे. येथील रसायनशास्त्राच्या पदवीधरांना लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत नोकरी हाताशी असते. कृषी संशोधनासाठी दापोलीचे विद्यापीठ (१९७२) जवळ आहे. बाकी विषयांना बहुधा मुंबई-पुणे गाठावे लागते.

पीएच.डी.ची जागा तीन गोष्टी जुळल्यावर मिळते : प्रवेश, मार्गदर्शक आणि अधिछात्रवृत्ती. भौतिक, रसायन, गणित, जीव व भूविज्ञान यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, तर संगणकशास्त्रासाठी यूजीसी नेट ही परीक्षा असते. तिच्यातून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. २०२४ पासून जेआरएफ न मिळालेल्यांनाही नेटच्या गुणांवर प्रवेशासाठी अर्ज करता येतो. हे गुण एक वर्ष चालतात.

प्रकल्पावरची जेआरएफ ही वेगळी बाब आहे. तिची जाहिरात संस्था स्वतः काढते, निवड बहुधा मुलाखतीवर होते, प्रकल्प संपला की नेमणूकही संपते आणि पीएच.डी.ची नोंदणी तिच्यात गृहीत नसते. नोंदणी होणार का, हे रुजू होण्यापूर्वीच विचारावे. न विचारल्याने उमेदीची वर्षे वाया जातात. तरीही हाताला काम आणि शिफारसपत्र देणारी म्हणून ही नेमणूक मोलाची आहे.

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५) स्वतःची प्रवेशपरीक्षा घेते. संगणकशास्त्रही तिच्यात आहे. तिथे आणि पुण्याच्या आयसरमध्ये (२००६) बी.एस्सी.नंतर एकात्मिक पीएच.डी.ची वाट आहे. ही माहिती तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांपर्यंत वेळेत पोचली पाहिजे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०) रसायनवाल्यांनी आधी पाहावी. आयआयटीत संगणकाच्या जागांसाठी गेट परीक्षेचे गुण महत्त्वाचे ठरतात.

राज्याच्या अधिछात्रवृत्त्यांपैकी सारथी मराठा-कुणबी, महाज्योती इतर मागास व भटक्या-विमुक्त, तर बार्टी अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी आहे. कोकणात कुणबी समाज मोठा असल्याने सारथीची जाहिरात येथे विशेष लक्षात ठेवावी.

कुंभार्ली घाटापलीकडे कराडला केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कोयना भागात खोल विंधनविवर घेऊन भूकंपांचा अभ्यास करते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण असलेल्या आणि कोयनेचे अवजल वाशिष्ठीत येताना पाहणाऱ्या या तालुक्यातील भूविज्ञान-भौतिकीच्या विद्यार्थ्यांना याहून जवळचा संशोधनविषय सापडणे कठीण.

परदेशासाठी नेट लागत नाही. जर्मनी, नेदरलँड्समध्ये पीएच.डी.ची जागा बहुधा पगारी करारावर भरली जाते आणि तिची स्वतंत्र जाहिरात निघते. अमेरिकेत बहुतेक विभागांचे अर्ज डिसेंबरच्या सुमारास बंद होतात आणि सहसा तीन शिफारसपत्रे लागतात. म्हणून प्राध्यापकांशी दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच बोलून ठेवावे.