वेला स्पंदकाची चुकलेली लय

१/७
मार्च १९६९. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीवर व्ही. राधाकृष्णन व रिचर्ड मँचेस्टर वेला स्पंदकाचे ठोके मोजत होते. हा न्यूट्रॉन तारा ८९ मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी घेतो आणि त्याची गती संथपणे घटत जाते. त्या आठवड्यात मात्र ती अचानक वाढली होती; दहा लाखांत सुमारे दोन भागांनी.

२/७
अमेरिकेतील गोल्डस्टोन येथे रायकली व डाउन्स यांनाही तीच वाढ आढळली. दोष उपकरणाचा नव्हता. मग सतत ऊर्जा गमावणाऱ्या ताऱ्याने वेग घेतला कोठून?

३/७
उत्तराचे बीज जुने होते. द्रव हेलियम २.१७ केल्विनखाली घर्षणाविना वाहतो, हे मॉस्कोत कापित्सा आणि केंब्रिजमध्ये ॲलन व मिसेनर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केले होते. हीच अतिप्रवाहिता.

४/७
१९५९ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिग्दाल यांनी न्यूट्रॉन ताऱ्याचे अंतरंगही अतिप्रवाही असावे, असे सुचवले. तेथे तापमान कोट्यवधी अंश. परंतु घनता इतकी प्रचंड, की न्यूट्रॉनांच्या जोड्या तरीही टिकतात. तेव्हा असा तारा कोणी पाहिलाच नव्हता. पहिला स्पंदक जोसेलिन बेल यांना सापडला तो १९६७ मध्ये.

५/७
वेलाच्या उसळीचे आरंभीचे एक स्पष्टीकरण होते ताराकंप : कवच तडकते, तारा किंचित आकसतो, गती वाढते. परंतु १९७१ व १९७५ मध्ये वेलाने पुन्हा तशाच उसळ्या घेतल्या. इतक्या थोड्या काळात कवचात तेवढा ताण साठणे शक्य नव्हते.

६/७
१९७५ मध्ये अँडरसन व इतोह यांनी दुसरी वाट दाखवली. अतिप्रवाही द्रव असंख्य सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपाने फिरतो. हे भोवरे कवचातील अणुकेंद्रकांत अडकतात. कवच मंदावते, द्रव जुन्याच वेगाने फिरत राहतो. तफावत फार वाढली की भोवरे एकदम सुटतात आणि साठलेली गती कवचाला मिळते.

७/७
वाद मात्र मिटलेला नाही. केवळ कवचातील द्रव एवढ्या मोठ्या उसळ्यांना पुरत नाही, असा आक्षेप २०१२ मध्ये पुढे आला आणि शोध गाभ्याकडे वळला. त्या अंतरंगात कोणतेही उपकरण पोहोचणार नाही. तेथील द्रवाची साक्ष आजही मुख्यतः नोंदवहीतल्या अशा विसंगतीच देतात. १९६९ मध्ये दोन ठिकाणी ती नोंद काटेकोरपणे ठेवली गेली होती, म्हणूनच मिग्दाल यांच्या तर्काला आधार मिळू शकला.