हळद, गुळवेल आणि लिव्हर: हैदराबादच्या अभ्यासांत काय आढळलं?

नांदेड, देगलूर, बिदर, आदिलाबादकडचे अनेक रुग्ण लिव्हर-किडनीच्या उपचारांसाठी हैदराबाद गाठतात. पिशवीत फाईलसोबत कधी गुळवेलीच्या गोळ्या असतात, कधी हळदीच्या कॅप्सूल. ‘झाडपाल्याचं औषध, त्यानं काय अपाय होणार?’ हा समज जुनाच. पण याच शहरातले अभ्यास वेगळं सांगतात.

सूज ही शरीराची बचावाची यंत्रणा आहे. मात्र ती रेंगाळली की लिव्हर, किडनीच्या पेशींचंच नुकसान होतं. हळदीतलं करक्युमिन ही सूज आणि पेशींतलं ऑक्सिडेशन कमी करतं, असं प्रयोगशाळेत दिसतं. ऑक्सिडेशनमुळेच डोळ्याचं भिंगही धुरकट होत जातं. म्हणून तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मोतीबिंदूवर करक्युमिन तपासलं, तेही उंदरांवर.

2003 च्या प्रयोगात उंदरांना गॅलॅक्टोज ही साखर चारून मोतीबिंदू आणला होता. खाद्यात 0.002 टक्के करक्युमिन मिसळल्यावर तो लांबला. पाचपट, म्हणजे 0.01 टक्के दिल्यावर मात्र उलट लवकर पिकला! 2005 मध्ये मधुमेही उंदरांवर प्रयोग झाला, तेव्हा करक्युमिनपेक्षा साधी हळद जास्त गुणकारी ठरली. आपल्या वसमत-निजामाबाद पट्ट्यातल्या हळद उत्पादकांना हे वाचून बरं वाटेल. पण उंदराचा निकाल म्हणजे माणसाचा डोस नव्हे. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला घट्ट अर्क वेगळा. त्यात मिरीतलं पायपरीन घातलेलं असेल तर करक्युमिन रक्तात कितीतरी पट जास्त उतरतं. अशा कॅप्सूलनंतर लिव्हरला सूज आल्याची प्रकरणं इटली, अमेरिकेत नोंदली गेली आहेत.

गुळवेलीचा अनुभव तर घरचाच. कोरोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी काढे झाले. हैदराबादच्या एआयजी हॉस्पिटलच्या डॉक्टरांसह देशातल्या 13 केंद्रांनी लिव्हर बिघडलेल्या 43 रुग्णांची माहिती 2022 मध्ये प्रसिद्ध केली. त्रास साधारण दीड महिन्यात सुरू झाला होता. अनेकांत रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयानं मात्र गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं. वाद आहेच.

डोळे-लघवी पिवळी होणं, भूक मरणं, अंगाला खाज सुटणं, असं काही दिसलं तर काढा-कॅप्सूल थांबवून लिव्हरची रक्ततपासणी करून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना पाकीट सोबत न्यावं. थायरॉईड, संधिवात किंवा आधीच लिव्हरचा आजार असेल, तर सुरू करण्याआधीच विचारावं.