घुमणारा आवाज : गोल घुमट, गिटारचे पेडल आणि जुम्म्याचा खुतबा

गेल्या महिन्यात भाचा नागपूरहून मुकुटबनला आला. पाठीवर इलेक्ट्रिक गिटार, एका हातात छोटा अॅम्प्लिफायर आणि बॅगेत साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी अशी धातूची डबी. "मामू, हे रिव्हर्ब पेडल. कालच आलंय, अजून नीट वाजवूनही पाहिलं नाही."

दुपारी पुढच्या खोलीत प्रयोग सुरू झाला. आधी डबी बंद ठेवून त्याने एक तार छेडली. आवाज आला आणि विरला, लाकडावर खडा पडावा तसा कोरडा. मग पायाने बटण दाबून तीच तार पुन्हा छेडली. या वेळी सुरामागे लांब शेपूट आले. खोली होती तेवढीच, पण कानाला ती मोठी झाली. डबीवर एक फिरते बटण होते, त्याभोवती इंग्रजीत नावे लिहिलेली : स्प्रिंग, प्लेट, रूम, हॉल, चर्च. 'चर्च'वर ठेवून त्याने चार सूर वाजवले, तर पाचव्या सुरापर्यंत पहिला विझलाच नव्हता. ऐकायला फार गोड लागले.

एवढ्यात आतून अम्मीचा आवाज आला, "मस्जिद की मशीन घर में लाया क्या रे?"

भाचा हसला. मला मात्र ते वाक्य चिकटून राहिले. अम्मीने अगदी बरोबर ओळखले होते. आपल्या मशिदींमधून जी 'इको मशीन' बसवलेली असते ती आणि ही डबी एकाच कुळातल्या. या कुळाचा इतिहास काढायला बसलो तो विजापूरहून सुरू झाला आणि आपल्याच मिंबरापाशी येऊन थांबला.

मुळात रिव्हर्ब म्हणजे काय? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. समोरची भिंत पुरेशी दूर असेल, म्हणजे साधारण सतरा मीटर किंवा त्याहून जास्त, तर परतलेला आवाज मूळ आवाजापासून वेगळा ऐकू येतो. तो प्रतिध्वनी. भिंती जवळ असतील तर शेकडो परतीचे आवाज एकमेकांत मिसळतात, कान त्यांना वेगळे काढू शकत नाही आणि आपल्याला फक्त 'घुमल्या'सारखे वाटते. तो रिव्हर्ब. घुमणे आणि घुमट हे दोन शब्द मराठी कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण घुमट आला फारसी 'गुंबद'वरून.

विजापूरच्या गोल घुमटात हे दोन्ही प्रकार एकाच छपराखाली भेटतात. मुहम्मद आदिलशाहचा (कारकीर्द १६२७ ते १६५६) हा मकबरा. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. त्याच्या बांधणीचे श्रेय परंपरेने याकूत दाबुली यांना दिले जाते. दाबुली म्हणजे दाभोळचे, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. घुमटाच्या आतल्या सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजले की पलीकडच्या बाजूला ऐकू येते आणि एक टाळी अनेक वेळा परत येते. शाळेच्या सहली तिथे जाऊन जो गोंगाट करतात तो ज्याने ऐकलाय त्याला सुलतानाची दया येईल. चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही अशा कुजबुजत्या सज्जांचे मोठे आकर्षण होते. लंडनच्या सेंट पॉलपासून सुरुवात करून त्यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी त्यावर शोधनिबंध लिहिले.

पण गाईड टाळी वाजवून दाखवतो तेव्हा एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. त्याच चौथऱ्यावर, मकबऱ्याच्या पश्चिमेला एक मशीद आहे आणि समोर नगारखाना (आता तिथे संग्रहालय आहे). मकबरा चारही बाजूंनी बंद. तिथे कुणाला भाषण करायचे नव्हते. मशीद मात्र पुढून कमानींनी उघडी. नगारे वाजायचे ते बाहेर, दाराशी. ज्या बांधकाम परंपरेने जगातला एक मोठा घुमणारा घुमट उभारला, तिने कुराण ऐकायची जागा त्याच्या पोटात ठेवली नाही. हा योगायोग नसावा असे मला वाटते. निदान त्या कारागिरांच्या कानांना फरक कळत होता.

दख्खनमधल्या इतर जुन्या मशिदी पाहा. विजापूरची जामा मशीद सहनाकडे उघडी आहे. कलबुर्गीच्या किल्ल्यातली १३६७ची बहमनी मशीद तर अपवाद म्हणून प्रसिद्ध आहे, कारण तिला सहनच नाही, सगळी छताखाली. पण तिच्याही बाजू रुंद कमानींनी मोकळ्या आहेत. आवाज आत घुटमळत नाही, बाहेर निघून जातो.

या निघून जाण्याचे गणित मांडायला १८९५ साल उजाडावे लागले. हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाचे व्याख्यानगृह नुकतेच बांधले होते आणि त्यात बोललेले काही समजत नव्हते. हे दुरुस्त करायचे काम वॅलेस सॅबाइन या तरुण शिक्षकावर आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री सगळे शांत झाल्यावर ऑर्गनची नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज पूर्ण विझायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. मग थोड्या गाद्या वाढवून पुन्हा मोजायचे. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद लागत. या खटाटोपातून त्याला नियम सापडला : खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त टिकतो, आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका लवकर विझतो. शोषण मोजायला त्याने जे एकक घेतले ते होते उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शंभर टक्के शोषण. मशिदीची कमान म्हणजे सॅबाइनच्या हिशेबात भलीमोठी उघडी खिडकीच.

आता डबीकडे येऊ. पाश्चात्त्य संगीताला उलट अडचण होती, घुमणे कमी पडत होते. लॉरेन्स हॅमंडचा विजेवरचा ऑर्गन घरात आणि छोट्या चर्चमध्ये कोरडा वाजे. टेलिफोनच्या लांब तारांमधला विलंब अभ्यासण्यासाठी बेल प्रयोगशाळेत स्प्रिंगा वापरत, ती युक्ती हॅमंडने उचलली. आवाज स्प्रिंगमधून पाठवायचा, तो तिच्यात मागेपुढे धावतो आणि घुमल्यासारखा बाहेर येतो. १९६१मध्ये फेंडर कंपनीने ही स्प्रिंग गिटारवाल्यांसाठी वेगळ्या पेटीत विकायला काढली. त्या काळचा कॅलिफोर्नियाचा गिटारवादक डिक डेल सांगत असे की ही पेटी आपल्याला आधी गाण्याच्या आवाजासाठी हवी होती, गिटार नंतर जोडली. त्याचे वडील लेबनॉनी वंशाचे. त्याची सर्वांत गाजलेली धून 'मिसिरलू'. या शब्दात आपला ओळखीचा 'मिस्र' बसलाय. मिसिरलू म्हणजे इजिप्तची मुलगी.

'प्लेट'चे मूळ जर्मनीत. १९५७च्या ईएमटी १४० या यंत्रात पोलादाचा टांगलेला पत्रा थरथरवत. वजन अडीचशे किलोहून जास्त. आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेतल्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी दाखवले की ना खोली लागते, ना स्प्रिंग, ना पत्रा. नुसत्या आकडेमोडीने आवाजाच्या हजारो प्रती थोड्या थोड्या उशिराने तयार करता येतात. संगणक लहान होत गेले आणि १९८७मध्ये बॉस कंपनीचे आरव्ही-२ हे डिजिटल पेडल पायाखाली आले. भाच्याची डबी त्याच वंशातली.

आपल्याकडे मुंबईत हे जुगाडाने चालले होते. 'महल' (१९४९) चित्रपटातल्या 'आएगा आनेवाला'साठी आवाज दुरून जवळ येतोय असे वाटायला हवे होते. तेव्हा लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या. ही आठवण त्यांनीच सांगितली आहे. 'मुग़ल-ए-आज़म'च्या शीशमहलातल्या गाण्यासाठी नौशाद यांनी स्टुडिओच्या न्हाणीघराचा उपयोग केला असे सांगतात. ते खोटे मानायचे कारण नाही. अमेरिकेत बिल पुटनम यांनी १९४७मध्येच न्हाणीघरात स्पीकर ठेवून एक गाजलेली रेकॉर्ड केली होती. फरशी असलेली रिकामी खोली सगळीकडे सारखीच घुमते.

फरशी म्हटल्यावर मुकुटबनचा विषय निघणारच. आमच्या भागातली चुनखडी आणि कोळसा हे जुने भांडवल. बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना इथे २०२२मध्ये सुरू झाला. मातीची, कौलांची घरे गेली, स्लॅब आले. मशिदीही तशाच बदलल्या. पुढचा भाग बंद करून काच लावली, भिंतींना छतापर्यंत टाइल्स, खाली गुळगुळीत फरशी. स्वच्छ राहते, पाऊस येत नाही, पंख्याची हवा लागते. तक्रार करावी असे यात काही नाही. फक्त सॅबाइनचे सूत्र लावून पाहा. १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, ४ मीटर उंच हॉल धरू. टाइल्स, काच आणि स्लॅब मिळून सरासरी तीन टक्के आवाज शोषतात असे मानले, तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज विझायला जवळजवळ सहा सेकंद लागतात. खाली जाड गालिचा घातला की हा आकडा पावणेदोन सेकंदांच्या आसपास येतो. गालिचा न घालता नुसती पुढची भिंत कमानीसारखी उघडी ठेवली, तर दीड सेकंदाहूनही कमी. माणसे भरली की आणखी उतरतो, कारण माणूसही आवाज पितो.

आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे सहज बोलतो. सहा सेकंदांच्या हॉलमध्ये पंचवीसेक अक्षरे एकमेकांच्या अंगावर चढतात. स्वर टिकतात, व्यंजने बुडतात. मदरशात वर्षानुवर्षे सीन आणि साद, काफ आणि क़ाफ यांचे मखरज घोटून घ्यायचे आणि मग त्यावर वरून इको मशीन लावायची. गिटारला जे अमृत ते खुतब्याला विष.

आपल्या फकीहांना हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक होता, याचे मला विशेष वाटते. सजद्याची आयत ऐकली की सजदा वाजिब होतो. पण तीच आयत डोंगरावरून किंवा घुमटावरून परतलेल्या आवाजात, म्हणजे 'सदा'त ऐकली तर? हनफी ग्रंथ सांगतात, वाजिब होत नाही. पोपटाच्या तोंडून ऐकली तरी नाही. वाचणारा माणूस आणि त्याचा परतलेला आवाज या दोन गोष्टी वेगळ्या. विसाव्या शतकात लाउडस्पीकर आला तेव्हा उपखंडातल्या उलेमांनी वाद घातला तो याच धाग्यावर : यंत्रातून येतो तो इमामाचा खरा आवाज की त्याची सदा? मुफ्ती मुहम्मद शफी यांनी यावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. आधीचे त्यांचे कडक मत यंत्राच्या जाणकारांकडून माहिती घेतल्यावर बदलले. आज आपण त्या वादाला हसतो. पण इको मशीन ही सरळसरळ सदा बनवायची मशीन आहे, आणि ती बसवताना कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

भाच्याला हे सगळे सांगितले तर तो म्हणाला, "मामू, डबीत चर्च आहे, मशीद का नाही?" मी त्याला इस्तंबूलची गोष्ट सांगितली. २०१०मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हागिया सोफियात फुगे फोडून तो आवाज ध्वनिमुद्रित केला. फुग्याच्या एका 'फट्'मध्ये त्या घुमटाचा सगळा स्वभाव उतरतो. त्यावरून संगणकाने कोणताही आवाज तिथे गायल्यासारखा करता येतो, आणि तशी मध्ययुगीन ख्रिस्ती प्रार्थनागीतांची ध्वनिमुद्रिकाही निघाली. तेव्हा तिथे उघडा संगमरवर होता आणि आवाज दहा सेकंदांहून जास्त टिकत असे. २०२०मध्ये ती पुन्हा मशीद झाली, गालिचा अंथरला गेला. म्हणजे फुग्यात पकडलेली ती वास्तू आज तशी उरलेलीच नाही. भाचा लगेच मोबाइलवर विजापूरचा रस्ता पाहू लागला. गोल घुमटात फुगा फोडायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, हे मी त्याला दोनदा बजावले.

पुढच्या जुम्म्याला मी आमच्या परिसरातल्या एका मशिदीत मुअज्जिनसाहेबांना भेटलो. इकोचे बटण शून्यावर आणा, निदान खुतब्यापुरते, एवढेच म्हणालो. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग हळूच म्हणाले की इको काढला की अजानमध्ये त्यांचा श्वास तुटलेला ऐकू येतो, आवाज कापतो तो कळतो. ते ऐकून मी ओशाळलो. गणित मांडताना हे माझ्या लक्षात आले नव्हते. स्प्रिंगची पेटी डिक डेलला गाण्यासाठी का हवी होती, ते तेव्हा कळले.

शेवटी असे ठरले की अजानला थोडा इको राहील. ती मोकळ्या हवेत जाते, तिथे घुमायला भिंती नसतात. खुतबा आणि नमाज मात्र कोरडी. त्या जुम्म्याला इमामसाहेब उर्दूत बोलले, मध्ये दोन-तीन वाक्ये मराठीत. मागच्या रांगेतल्या एकाने बाहेर पडताना मला विचारले, "आज मशीन खराब होती का? सगळं समजलं."