लंडन ते मुंबई, व्हाया काबूल

परवा वीकेंडला पुण्याहून भूमला घरी गेलो होतो. रात्री सहज नकाशा उघडला आणि डोक्यात किडा वळवळला.. लंडनहून गाडी चालवत भूमला येता येईल का? शोधता शोधता कळलं की लोकांनी मुंबईपर्यंत तर चक्क शर्यत लावली होती!

२४ नोव्हेंबर १९६८. लंडनहून ९८ गाड्या सिडनीकडे निघाल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबरखिंड, दिल्ली आणि मुंबई. तेही साधारण आठवड्याभरात! मुंबईत ७२ गाड्या पोचल्या. पुढे 'चुसान' बोटीने ऑस्ट्रेलिया. मुंबईपर्यंत रॉजर क्लार्क पुढे होता, पण १७ डिसेंबरला सिडनीत जिंकला अँड्र्यू कोवन, साध्यासुध्या हिलमन हंटरमध्ये.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. १९६५चं युद्ध होऊन तीनच वर्षं झाली होती, तरी या गाड्या पाकिस्तानातून भारतात आल्या. मग १९७९ उजाडलं. इराणमध्ये क्रांती झाली, डिसेंबरात अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ही वाट मोडली.

आज प्लॅनिंग करायला बसलात तर गाडी, टायर, डिझेल हे सगळं नंतर. आधी व्हिसा, आणि गाडीसाठी 'कार्ने', म्हणजे "गाडी तुमच्या देशात विकणार नाही, परत नेईन" याची हमी. रस्ता नकाशात अजून आहे हो, परवानगीचं बोला!

असो. तूर्तास आपलं पुणे-भूम बरं. येताना कुंथलगिरीचा पेढा आणलाय, ज्याला हवा त्याने सोमवारी डेस्कवर यावं.