नवरा ख्रिस्ती झाल्यावर

आम्ही कादंबरीकार नायक-नायिकेची ताटातूट घडवतो, शेवटच्या प्रकरणात त्यांना भेटवतो आणि शाईची दौत बंद करतो. पण मराठीत एक ताटातूट अशी होऊन गेली, की तिच्यापुढे आमच्या साऱ्या कल्पिताने खाली मान घालावी. ती ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची.

ही कथा खरे म्हणजे १८५७ साली सुरू होते. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना त्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली. त्याचा धक्का त्यांच्या जावयाने, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी, असा काही घेतला की त्यांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेले मीठसुद्धा त्या घरी धुऊन घ्यावे लागे! मीठ धुतल्यावर उरते किती, हे गृहिणींना सांगायला नको. फाशी झाली एकाला. तिचा फास मात्र घरातल्या लेकरांच्या गळ्याभोवती राहिला. अशा घरातली ही मुलगी अकराव्या वर्षाच्या सुमारास टिळकांच्या घरी आली.

नवरा कवी, रागीट, प्रेमळ आणि पायाला भिंगरी लागलेला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू. आणि नवरा जिवंत असून घरात नाही! विधवेचे दुःख लोकांना कळते, त्याला रीत असते. या दुःखाला रीतही नव्हती. बाईंचे भान हरपायची वेळ आली. पण टिळकांची पत्रे येत राहिली. धर्म बदलला, माया बदलली नव्हती. माझ्या मते या कथेतला खरा चमत्कार तो हाच.

काही वर्षांनी बाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) नवऱ्याकडे आल्या. पण चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनी बळजोरी केली नाही. वाद पुष्कळ झाले असतील, पण बाईंचे सोवळे वादाने सुटले नाही. एके दिवशी त्यांच्या मनातच प्रश्न उभा राहिला: पशूपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात, माणसांच्या जाती देवाने केल्या असत्या, तर त्याही दिसल्या नसत्या का? तेव्हापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. वडिलांना आयुष्यभर न सुटलेली गाठ लेकीच्या हातून सुटली ती अशी. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

कोणी म्हणेल, ही धर्मप्रचाराची कथा झाली. तसे वाटणाऱ्याने ‘स्मृतिचित्रे’ वाचावे. १९३४ पासून ते पुस्तकरूपाने आले. त्यात प्रवचन शोधून सापडत नाही, हसू मात्र पानोपानी. जिला वेड लागायचे बाकी होते, तीच बाई त्या दिवसांकडे पाहून हसते, आणि नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर तर पोट धरून हसवते.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध काव्याचे सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी. नवऱ्यानेच जिला लिहायला-वाचायला शिकवले, त्या बाईने. १९३६ साली त्या गेल्या, आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून निघाला.