जर्मनीतील रेगे आणि कृष्णवर्णीयांची अस्मिता

जमैकात १९६० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेल्या रेगे संगीताचा जर्मनीतील प्रसार आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या आत्मभानाशी त्याचे जडलेले नाते.

जर्मनीत हे संगीत घरोघरी पोचले, ते आशय गाळून. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ (१९७०) हे गीत मेलोडियन्स या जमैकन त्रयीचे. बायबलच्या १३७ व्या स्तोत्रात ज्यूंच्या बंदिवासाचा विलाप आहे. मेलोडियन्सनी त्यात गुलाम म्हणून आफ्रिकेतून नेलेल्या पूर्वजांचे दुःख ऐकले आणि रास्ताफारी श्रद्धेनुसार इथिओपियाचा सम्राट हायले सेलासी याला देव मानून आळवले. १९७८ मध्ये पश्चिम जर्मन निर्माता फ्रँक फारियन याने ते बोनी एम. या गटातर्फे पुन्हा आणले. गटाचे चौघेही सदस्य मूळचे कॅरिबियन, लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट तर जमैकाच्याच. तरीही सम्राटाचे उल्लेख गेले आणि त्या जागी प्रभू आला. शब्द स्तोत्राच्या जवळ आले हे खरे, पण गाण्यातली आफ्रिका पुसली गेली. भारतातही हे गाणे लोकप्रिय झाले, ते याच रूपात.

आशय जपणारे रेगेही जर्मनीत ऐकू आले. एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात गायलेला जमैकन रेगे गायक बॉब मार्ली जूनमध्ये डॉर्टमुंडला गायला. कर्करोगावरील उपचारांसाठी आयुष्याचे अखेरचे काही महिने त्याने बव्हेरियात काढले.

कृष्णवर्णीय जर्मनांच्या चळवळीला बळ मिळाले ते साहित्यातून. तेथेही कॅरिबियन धागा आहेच. कॅरिबियन आईवडिलांची अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड १९८४ मध्ये पश्चिम बर्लिनच्या फ्री विद्यापीठात शिकवत होती. आपला इतिहास आपणच लिहा, हा तिचा तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांना आग्रह होता. त्यातून १९८६ मध्ये ‘फार्बे बेकेनेन’ हा ग्रंथ निघाला. त्याच्या संपादिकांपैकी मे आयिम (१९६०–१९९६) ही कवयित्री घानाच्या वडिलांची आणि जर्मन आईची मुलगी, गोऱ्या पालक-कुटुंबात वाढलेली. तिने आत्महत्या केली. त्यानंतर जमैकात जन्मलेला, लंडनवासी कवी लिंटन क्वेसी जॉन्सन याने तिच्यावर ‘रेगे फाय मे आयिम’ रचले. ते ‘मोअर टाइम’ या ध्वनिसंग्रहात आहे. तिच्या भेटीची आठवण आणि तिच्या जाण्याचा शोक तो जमैकन बोलीत, रेगेच्या संथ ठेक्यावर सांगतो. जर्मनीतील कृष्णवर्णीय जीवनाविषयी रेगेत याहून जिव्हाळ्याची रचना क्वचितच असेल. बर्लिनमधील श्प्रे नदीकाठच्या एका रस्त्याला घानाच्या किनाऱ्यावर ब्रांडेनबुर्गची वसाहत स्थापणाऱ्या फॉन डेर ग्रोबेनचे नाव होते. ती वसाहत गुलामांच्या व्यापारात होती. २०१० मध्ये त्या रस्त्याला मे आयिमचे नाव मिळाले.

पुढे कोलोनचा गोरा गायक जेंटलमन जमैकन बोलीत गाऊन लोकप्रिय झाला. ‘समरजॅम’ हा रेगे महोत्सवही त्याच शहरात भरतो. वंशद्वेषाला थेट उत्तर मात्र मुख्यतः हिप-हॉपमधून आले. जून २००० मध्ये मोझांबिकहून आलेल्या आल्बेर्तो आद्रियानो याला नवनाझी तरुणांनी डेसाऊच्या उद्यानात मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. नायजेरियन-जर्मन संगीतकार आदे बांटू याने कृष्णवर्णीय कलावंतांना ‘ब्रदर्स कीपर्स’ नावाने एकत्र आणले आणि २००१ मध्ये ‘आद्रियानो’ हे गाणे काढले. नंतर ही मंडळी पूर्व जर्मनीच्या शाळांत जाऊन विद्यार्थ्यांशी बोलली.